विश्लेषण : ‘गावठी’ कोंबडी म्हणजे नेमके काय? जपानी याकितोरीतून महाड-पोलादपूरने काय घ्यावे?

कोळशावर भाजलेल्या कोंबडीच्या काड्या जपानने जगभर नेल्या. त्यामागे चव आहे, तसा एका शब्दाच्या व्याख्येचाही हात आहे. आपल्या महामार्गावरच्या पाट्यांवर नेमकी तीच व्याख्या नाही.

मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव मागे पडले, की महाड आणि पोलादपूरपर्यंत पाट्यांवर एक शब्द पुन:पुन्हा दिसतो : गावठी. गावठी कोंबडी थाळी, गावठी कोंबडी-वडे, गावठी रस्सा-भाकरी. रायगड किल्ला उतरून आलेले, सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवरून परतणारे, आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाणारे असे सगळे इथे जेवायला थांबतात. साध्या चिकन थाळीपेक्षा या थाळीला बरेच जास्त पैसे पडतात आणि लोक ते आनंदाने देतात. पण त्या जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते, हे पाटीवर कुठेही लिहिलेले नसते.

हा प्रश्न जपानी खाद्यपदार्थाच्या निमित्ताने विचारण्याला कारण आहे. मुंबई-पुण्यात आता याकितोरी सहज मिळू लागली आहे आणि मोबाइलवरच्या व्हिडीओंमुळे ती घराच्या अंगणातही पोहोचली आहे. कुणी ती ‘जपानी कबाब’ म्हणून खातो, कुणी ‘बार्बेक्यू’ म्हणून. तिच्यातले खरे शिकण्यासारखे मात्र शेगडीच्या अलीकडचे आहे.

याकितोरी म्हणजे काय?

‘याकि’ म्हणजे भाजलेले, ‘तोरी’ म्हणजे पक्षी, व्यवहारात कोंबडी. बांबूच्या बारीक काडीवर कोंबडीचे घासभर तुकडे ओवायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. मसाला नाही, दही नाही, रात्रभर मुरवणे नाही. चव द्यायच्या पद्धती दोनच. एक ‘शिओ’, म्हणजे नुसते मीठ. दुसरी ‘तारे’, म्हणजे सोया सॉस, साखर आणि तांदळापासून केलेली साके व मिरिन ही मद्ये एकत्र आटवून केलेला गोडसर-खारट रस. या रसात काडी बुडवायची, पुन्हा निखाऱ्यावर धरायची. जुन्या दुकानांत ‘तारे’चे भांडे पूर्ण रिकामे करत नाहीत, त्यातच नवा रस घालत राहतात.

कोळसाही साधा नसतो. नावाजलेली दुकाने ‘बिंचोतान’ वापरतात. वाकायामा भागातल्या एका जातीच्या ओकपासून केलेला हा कोळसा इतका कठीण असतो, की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा आवाज येतो. धूर अगदी कमी, आच मात्र कडक आणि तासन्तास टिकणारी. भाजणारा माणूस हातातल्या पंख्याने ती आच कमी-जास्त करत उभा असतो.

मांडीच्या तुकड्यांमध्ये कांद्याच्या जाड पातीचे तुकडे ओवले, की ती ‘नेगिमा’. खिम्याचे गोळे म्हणजे ‘त्सुकुने’. कातडीची काडी वेगळी, काळजाची वेगळी, कलेजीची वेगळी, पेट्याची वेगळी, मानेच्या मांसाची वेगळी, कुर्चेची वेगळी आणि शेपटीकडच्या चरबीदार तुकड्याचीही वेगळी. प्रत्येकीला स्वत:चे नाव आहे, किंमत आहे आणि भाजण्याची वेळ आहे. आपल्याकडे चिकनच्या दुकानात कातडी सोलून टाकली जाते आणि कलेजी-पेटा स्वस्तात विकला जातो. तिकडे कुरकुरीत भाजलेली कातडी मागून घेतात. टोकियोतल्या काही याकितोरी दुकानांना ‘मिशेलिन’चा तारा मिळाला, तोही असल्याच काड्यांवर.

हा पदार्थ जन्मत: श्रीमंतांचा नव्हता. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. ती सर्वत्र, सर्वकाळ पाळली गेली असे नाही, पण मांसाहाराकडे पाहण्याची नजर तिने शतकानुशतके बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेइजी काळात मांस उघडपणे खाल्ले जाऊ लागले, तेव्हा कोंबडी महाग होती. चांगले मांस मोठ्या खाणावळीत जाई; उरलेली कातडी, आतडी, हाडांलगतचे तुकडे रस्त्यावरचे गाडीवाले काडीवर लावून विकत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॉयलर आली, कोंबडी स्वस्त झाली आणि संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसाच्या हातात याकितोरी स्थिरावली.

मसाल्याआड लपते ते निखाऱ्यावर उघडे पडते

आपल्या रश्श्यात खोबरे-कांद्याचे वाटण असते, गरम मसाला असतो, वर तेलाचा तवंग असतो. ही काही नावे ठेवण्याची गोष्ट नाही, असा रस्सा जगात दुसरीकडे मिळत नाही. पण त्या वाटणाखाली कोणती कोंबडी आहे हे ओळखणे कठीण असते, आणि मुंबईहून आलेल्या भुकेल्या पाहुण्याला तर अशक्यच. याकितोरीत मीठ आणि निखारा सोडला तर आड यायला काही नाही. कोंबडी पाणीदार असेल तर पाणीदार लागते, चवदार असेल तर चवदार. म्हणूनच जपानी ग्राहक ‘ही कोंबडी कुठली?’ असे विचारू लागला आणि चांगल्या दुकानांना त्याचे उत्तर पाटीवर लिहावे लागले.

आपल्याकडेही असा एक पदार्थ आहे, आणि तो याच जिल्ह्यातला आहे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, मीठ आणि ओवा. मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही, वाटण नाही. पोपटीत बेचव कोंबडी घातली तर पहिल्याच घासाला कळते. याकितोरी आपल्याला परकी वाटायचे तितकेसे कारण नाही, ते यामुळेच.

जपानने ‘गावठी’ची व्याख्या कशी केली?

जपानी भाषेत आपल्या ‘गावठी’ला अगदी जवळचा शब्द आहे : ‘जिदोरी’. ‘जि’ म्हणजे त्या भूमीची, ‘दोरी’ म्हणजे तोच ‘तोरी’, कोंबडी. हा शब्दही एकेकाळी आपल्यासारखाच ढिला होता, ज्याला वाटेल त्याने वापरावा असा. १९९९ मध्ये तिथल्या कृषी मंत्रालयाच्या ‘जास’ मानकांत त्याला आकडे मिळाले. मेइजी काळाअखेर जपानमध्ये रुळलेल्या जातींचे रक्त किमान ५० टक्के हवे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून ठरावीक दिवस वाढवलेली हवी. ही मुदत आधी ८० दिवस होती, पुढे ७५ झाली. अठ्ठावीस दिवसांची झाल्यावर पिंजऱ्यात न ठेवता जमिनीवर मोकळी हवी आणि दर चौरस मीटरला १० पेक्षा जास्त पक्षी नकोत.

यातला एकही नियम ‘चवदार’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असल्या शब्दांवर उभा नाही. रक्त, दिवस, जमीन, गर्दी या चार गोष्टी मोजता येतात, म्हणून तपासता येतात. (दहा पक्षी प्रति चौरस मीटर ही काही रानात हिंडणारी कोंबडी नव्हे. जिदोरी म्हणजे डोंगरउतारावर किडे वेचणारे पाखरू अशी कल्पना असेल, तर ती सोडून द्यावी.)

काही प्रांतांनी याहून कडक अट घातली. उत्तरेकडच्या अकिता प्रांताच्या प्रमाणीकरणात हिनाई-जिदोरीची मादी किमान १५० दिवस वाढवावी लागते. नागोया कोचीन ही अशीच एक प्रसिद्ध कोंबडी. तिच्या नावातल्या ‘कोचीन’चा आपल्या केरळातल्या कोचीशी संबंध नाही. चीनमधून आलेल्या ‘कोचीन’ जातीच्या कोंबड्यांशी स्थानिक कोंबड्यांचा संकर करून मेइजी काळात ती तयार झाली आणि त्या जातीला ‘कोचीन-चायना’ म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनामवरून नाव पडले होते.

तिकडे फसवणूक झालीच नाही का?

झाली, आणि मोठी झाली. २००७ मध्ये अकितातच एका कंपनीने वर्षानुवर्षे भलतेच मांस हिनाई-जिदोरी म्हणून विकल्याचे उघडकीस आले. ते होते अंडी देऊन थकलेल्या म्हाताऱ्या कोंबड्यांचे. कंपनीच्या प्रमुखाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच सुमारास डीएनए तपासणीत बाजारातली काही ‘नागोया कोचीन’ही तशी नसल्याचे आढळले. पुढे अकिताने स्वत:ची प्रमाणीकरण व्यवस्था उभी केली.

इथे ‘म्हाताऱ्या कोंबड्या’ हा तपशील विसरू नये. अंड्यांसाठी पाळलेली लेअर कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली, की अंडी कमी देते आणि स्वस्तात मांसासाठी जाते. तिचे मांस चिवट असते, शिजायला वेळ घेते. आपल्याकडच्या ग्राहकाच्या मनात ‘चिवट म्हणजे गावठी’ हे समीकरण पक्के बसले आहे. म्हणजे अकितात जी गोष्ट गुन्हा ठरली, ती आपल्याकडे ग्राहकाला बिनबोभाट पटू शकते. अकितात गुन्हा सिद्ध होऊ शकला, कारण ‘हिनाई-जिदोरी म्हणजे काय’ हे आधी ठरलेले होते.

महाड-पोलादपूरची खरी अडचण

साधा हिशेब करून पाहू. परसातली गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. मध्येच खुडूक बसते. पिल्ले निघाली, तर त्यातली काही घार नेते, काही मुंगूस, काही रानमांजर. उरली त्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर राणीखेतची साथ गाठते. गावात ‘मर आली’ म्हणतात ती हीच. त्यातून वाचलेली कोंबडी सव्वा-दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने घेते. ब्रॉयलर (गावच्या तोंडी ‘बॉयलर’) सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते.

आता सुट्टीच्या दिवशी एवढ्या पाट्यांखाली उठणाऱ्या पंगतींना पुरतील इतक्या कोंबड्या दर आठवड्याला सव, बिरवाडी, विन्हेरे, कापड्याच्या परसातून निघतील का? ज्याने खुराडे राखले आहे त्याला उत्तर माहीत आहे. मग ताटात काय येते? कधी खरोखरची गावठी. पुष्कळदा वनराज, गिरिराज, कावेरी अशा सुधारित जातींची रंगीत पिसांची कोंबडी. कधी ‘क्रॉस’ या एका शब्दात मोडणारी, म्हणजे काहीही. आणि कधी ती म्हातारी लेअर.

सगळे हॉटेलवाले फसवतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकांना त्यांचा पुरवठादार जे सांगतो तेवढेच माहीत असते. शिवाय सुधारित कोंबडीत वाईट काही नाही. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने आणि गिरिराज बंगळूरुच्या कृषी विद्यापीठाने परसातच वाढाव्यात म्हणून तयार केल्या. त्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात, अंडी जास्त देतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मिळून ८५.१८ कोटी होते. त्यांतले ३१.७ कोटी परसातले, आणि ही परसातली संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. परसातली कोंबडी संपत चाललेली नाही. पण ती कोणती, हे विकताना सांगितले जात नाही.

यात खरे नुकसान ग्राहकापेक्षा घरी कोंबड्या राखणाऱ्या बाईचे होते. संध्याकाळी डालग्याखाली कोंबड्या झाकते ती, खुडूक बसवते ती, पिल्लांवर नजर ठेवते ती. तिची कोंबडी किलोवर नाही, नगावर जाते आणि भाव घेणाऱ्याच्या मनावर असतो. पाटीवरच्या ‘गावठी’ शब्दाला जो जास्तीचा पैसा मिळतो, तो तिच्या कोंबडीच्या नावलौकिकाचा आहे. पण कोणतीही रंगीत कोंबडी त्या नावाने खपत असेल, तर हॉटेलवाला तिच्याकडे येईलच कशाला?

गंमत म्हणजे गावाला व्याख्या पाठ आहे. राखणीला कोंबडा द्यायचा असतो, तेव्हा बॉयलर चालत नाही. पाय पाहतात, नख्या पाहतात, तुरा पाहतात, कुणाच्या घरचा आहे हे विचारतात. देवाला लावलेली ही कसोटी पाहुण्याला मात्र लावली जात नाही.

कायदा काय म्हणतो?

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्नाबाबत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कागदावर हे पुरेसे कडक आहे. पण ‘गावठी’ म्हणजे काय हे मोजता येईल असे लिहिलेले नसेल, तर दिशाभूल सिद्ध कशी करायची? निरीक्षकाने थाळीतला तुकडा उचलून विचारायचे तरी काय?

दुसरा मार्ग भौगोलिक मानांकनाचा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये ते मिळाले. पण नाव मिळाले म्हणजे काम झाले असे नाही, हे त्याच कडकनाथने दाखवले. दुसऱ्याच वर्षी सांगली जिल्ह्यात कडकनाथ पालनाच्या योजनेत फसवणूक झाल्याच्या तक्रारी घेऊन शेतकरी रस्त्यावर आले होते. शिवाय कडकनाथ काळ्या रंगामुळे ओळखू तरी येते. कोकणातली साधी गावठी दहा रंगांची असते.

मग करायचे काय?

जपानची नक्कल जशीच्या तशी करू नये असे माझे मत आहे. तिथेही एकूण कोंबडीत जिदोरीचा वाटा एखाद्या टक्क्याच्या आसपासच आहे, आणि रोजची स्वस्त याकितोरी ब्रॉयलरचीच असते. रक्त तपासायचे म्हटले तर खर्च येणार, आणि तो खर्च दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईवर पडला तर ती या खेळातून पहिली बाहेर जाईल. प्रमाणपत्र मग मोठ्या फार्मवाल्याच्या भिंतीवर लागेल.

त्याऐवजी सुरुवात पाटीपासून व्हावी. गावठी, सुधारित परसातली आणि ब्रॉयलर असे तीन शब्द राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने साध्या भाषेत ठरवून द्यावेत : किती दिवस वाढवली, मोकळी की बंदिस्त, पिल्लू कुठून आले. हॉटेलने थाळीच्या नावापुढे यांपैकी एक लिहावा आणि कोंबडी कोणत्या गावातून घेतली तेही लिहावे. ‘आजची कोंबडी : सव’ एवढी खडूची ओळ पुरेशी आहे. गाव लिहिले, की खोटे बोलणे अवघड होते, कारण त्या गावचा माणूसही कधीतरी तिथे जेवायला येतोच.

पुरवठ्याची बाजू त्याहून महत्त्वाची. राणीखेतची लस वेळेवर मिळाली तर अर्धी लढाई जिंकल्यासारखे आहे. पण लसीची कुपी अनेक पक्ष्यांसाठीची असते, थंड ठेवावी लागते आणि फोडली की लगेच संपवावी लागते. एका घरच्या आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? वाडीतल्या सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी लस द्यायची ठरवली, तरच ते परवडते. ‘उमेद’खालचे बचत गट गावोगाव आहेत, दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ फार लांब नाही. एखाद्या गटाने चार हॉटेलांशी ‘महिन्याला इतके नग, या वजनाचे, या भावाने’ असे ठरवले, तर कोंबडी नगावर घासाघीस करून विकावी लागणार नाही. मात्र हॉटेलवाल्यानेही ‘आज गावठी संपली’ हे सांगायला लाजू नये. टोकियोतली नावाजलेली दुकाने अमुक काडी संपली असे बिनदिक्कत सांगतात; एका कोंबडीत काळीज एकच असते.

घरी करून पाहायची असेल तर

गावठी कोंबडा आणून थेट निखाऱ्यावर धरला, तर दातांची परीक्षा होईल. वर्षभराची कोंबडी रश्श्यासाठीच. काडीसाठी चार-पाच महिन्यांची तलंग घ्यावी आणि सोलू नये. आपल्याकडे गावठी पिसे काढून जाळावर भाजून घेतात, कातडी ठेवतात; ती तशीच हवी, कारण कातडीची चरबी सुटते तेव्हाच मांस कोरडे पडत नाही. मांडीचे मांस हाडावरून सोडवून अंगठ्याच्या पेराएवढे, सगळे सारख्या आकाराचे तुकडे करावेत. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात. मीठ भाजण्याच्या अगदी आधी, थोडे उंचावरून भुरभुरावे. ज्वाळा चालणार नाहीत. लाल निखारे हवेत आणि काडी सतत फिरती हवी. ‘तारे’ करायचा असेल तर सोया सॉसमध्ये थोडा गूळ आणि आल्याचा तुकडा घालून दाट होईपर्यंत आटवावा. जपानी माणूस नाक मुरडेल, पण चव बरी लागते. हा रस शेवटच्या मिनिटात लावावा, आधी लावला तर साखर जळून कडवट होते.

जपानमध्ये काही ठिकाणी कोंबडी आतून कच्ची ठेवून वाढतात. ते मात्र उचलू नये. कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जिवाणूमुळे तिथेही लोक आजारी पडतात. तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस गाठले पाहिजे. तापमापक नसेल तर एक तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी रस दिसला तर काडी परत निखाऱ्यावर. पेटा आधी लावावा, तो सावकाश भाजतो आणि चावायला कुरकुरीत लागतो. कलेजी सगळ्यात शेवटी, बाकीच्या काड्या उतरल्यावर थोड्या मंद आचेवर ठेवावी. तीही आतपर्यंत शिजली पाहिजे, पण करपू देऊ नये.